पाणी गढूळ आहे, डोळा नाही

आमच्या ह्यांना मोतीबिंदू झालाय हे आख्ख्या आळीला माहीत होतं, फक्त ह्यांना मान्य नव्हतं. ह्यांची सगळी नोकरी जव्हारच्या एसटी डेपोत गेली, वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत. लांब वळणावर धूळ उठली की गाडी कुठून आली ते सांगायचे, आणि ते सहसा चुकायचं नाही. अशा माणसाने मोखाड्याला जायला निघून विक्रमगडच्या गाडीत बसावं, आणि वर पाटीवर चिखल होता म्हणून कंडक्टरशी भांडून यावं, म्हणजे काय म्हणायचं?

त्याआधी एकदा वांगणीकडे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी गेलो होतो. वाटेत शेतातल्या एका माणसाला ह्यांनी हात केला. त्याने उत्तर दिलं नाही. ह्यांनी पुन्हा केला, मग "राम राम" असं ओरडूनही झालं. शेवटी मला म्हणाले, "माणसं फार माजली हल्ली." ते बुजगावणं होतं, आणि त्याच्या डोक्यावरच्या मडक्यावर एक कावळा बसला होता.

शाळेत डोळे तपासायचं शिबिर झालं तेव्हा मी ह्यांना खोटं बोलून नेलं. चहाला चला म्हटलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि सांगितलं की डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पुरता पिकलाय, उजवा त्याच वाटेवर आहे. काढून टाका, साधं ऑपरेशन आहे. पण असाच ठेवलात तर डोळ्यातला दाब वाढेल, आणि तसं झालं की गेलेली नजर परत येत नाही. दर महिन्याला पेशंटांना घेऊन एक गाडी ठाण्याला जात होती. तिच्यात नाव द्यायचं, एवढंच काम.

"बघू," हे म्हणाले. आमच्या घरात ह्या शब्दाचा अर्थ "नाही" असा होतो. लग्न झाल्या वर्षी मला तो कळला.

हे का अडून बसलेत हेही मला ठाऊक होतं. ह्यांच्या थोरल्या भावाचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. चांगलं झालं होतं. पण लावणीचे दिवस होते, आणि भाऊजी पट्टी काढून सरळ चिखलात उतरले. डोळा गेला. तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात चिखलाचा दोष ऑपरेशनच्या खात्यावर जमा झाला होता, आणि तो तिथून काढणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मी विज्ञान शिकवते. नवऱ्याला शिकवण्याचा अभ्यासक्रम अजून कुणी काढलेला नाही.

आता तळ्याकडे येते. ह्यांनी निवृत्त झाल्यावर परसात एक तळं खणलं. डेपो सुटल्यावर हाताला काम हवं होतं आणि बोलायला कुणीतरी हवं होतं. छपराचं पावसाचं पाणी पन्हळीतून त्यात उतरायचं. रोहू आणि कटल्याची पिल्लं आणून सोडली, नाशिकहून एक तांबडा मासा आणला. माशांना नावं दिली ती गाड्यांची. तांबडी ती अर्थातच लालपरी. एक लठ्ठ कटला होता, जागचा हलायचा नाही, त्याचं नाव जलद. सकाळी चहाचा कप घेऊन काठावर बसायचे आणि कोण कुठे चाललंय ते पाहत राहायचे.

आणि एक दिवस म्हणाले, "मासे दिसत नाहीत हल्ली. पाणी खराब झालंय."

पाणी तेव्हा हिरवट होतं, हे खरं. पण मला काठावरून लालपरी स्वच्छ दिसत होती. मी म्हटलं, "अहो, पाणी नाही, डोळा." ते म्हणाले, "डोळा ठीक आहे, पाणी गढूळ आहे." हे आमचं जेवताना, झोपताना, भाजी निवडताना चालू राहिलं. शेवटी एकदा मी चिडून म्हटलं, "ठीक आहे. पाणी मी निवळून दाखवते. तळ दिसायला लागला आणि तरीही तुम्हाला मासे दिसले नाहीत, तर मुकाट गाडीत नाव द्यायचं."

"दिलं," हे म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

शाळेत पाणी शुद्ध करण्याचा धडा मी इतकी वर्षं शिकवला होता की माझ्या मनात यत्किंचित शंका नव्हती. तुरटी फिरवा, गाळ खाली बसतो. मी बादलीत तुरटी विरघळवली, तळ्यात ओतली आणि ताठ मानेने शाळेत गेले. परत आले तर पाणी होतं तसंच हिरवं, आणि मासे वर येऊन तोंडं उघडत होते. आमच्या तळ्यातलं पाणी सगळं पावसाचं, म्हणजे अगदी हलकं. त्यात तुरटी पडली की पाणी लगेच आंबट होतं. पुस्तकी भाषेत त्याचा सामू उतरतो. माशांना ते सोसत नाही. हे मला माहीत होतं, पण परीक्षेत लिहिण्यापुरतं.

मी धावत घरात गेले. आंबटपणा मोडायला चुना हवा. समोर ह्यांची तंबाखूची डबी होती. तिच्यातला चुना घेतला, तो पुरेना, मग पानाच्या ठेल्यावर जाऊन द्रोणभर आणला, पाण्यात कालवून थोडा थोडा सोडला. संध्याकाळी मासे शांत झाले. हे मात्र झाले नाहीत.

"माझ्या डबीतला चुना माशांना लावला?"

"त्यांनी तंबाखू नाही मागितली," मी म्हटलं.

मग मी रीतसर कामाला लागले. सामू दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या मागवल्या. सकाळी एक पट्टी बुडवायची, रंग बघायचा, मग थोडी तुरटी, थोडा चुना. खाणं कमी केलं, कारण उरलेलं खाणं कुजलं की हिरवं शेवाळ आणखी माजतं. पन्हळीच्या तोंडाला जुन्या साडीची गाळणी बांधली, म्हणजे तांबडी माती आत येणार नाही. रोज सकाळी पाणी जरा बरं दिसायचं. मला वाटायचं, अजून थोडे दिवस. आणि रोज शाळेतून परत आले की ते जिथल्या तिथे. माझ्या नाकी नऊ आले. मी पट्ट्यांना दोष दिला, तुरटीला दिला, आमच्या मातीला दिला.

एक दिवस पाऊस फार झाला म्हणून शाळा लवकर सुटली. मी मागच्या दाराने परसात आले. हे तळ्याच्या काठावर उभे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला, आणि हातात लांब बांबू. शिरा परतावा तशा निगुतीने तळाचा गाळ ढवळत होते. मध्ये थांबायचे, वाकून बघायचे, आणि पुन्हा दोन फेरे.

मला इतकं हसू आलं की तोंडावर पदर घ्यावा लागला. त्याच पावली मागे फिरले आणि शेजारच्या वहिनींकडे जाऊन बसले. वहिनींचं माहेर मोखाड्याकडच्या पाड्यावरचं, बोलणं अजून तिकडचंच. त्यांनी चहा टाकला. मी सगळं सांगितलं.

"मंग आता काय करशाल बाई?"

"आता मजा करणार," मी म्हटलं.

नेहमीच्या वेळेला घरी गेले, पिशवी ठेवली आणि विचारलं, "काय हो, पाणी कसं आहे आज?"

"गढूळ गं," हे पेपरमागून म्हणाले. "ह्या मातीचा गुणच तसा." पेपर त्यांनी उलटा धरला नव्हता एवढंच. पण तो आदल्या दिवसाचा होता.

दुसऱ्या दिवशी मी बांबू वहिनींच्या वळचणीला नेऊन ठेवला. संध्याकाळी पाणी गढूळ, आणि खराटा ओला. खराटा लपवला. मग बादलीने ढवळणं झालं. बादलीला कुलूप लावून मी शाळेत गेले असते तर आळीने मला वेडी ठरवलं असतं, म्हणून तो विचार सोडला. गंमत म्हणजे आम्ही दोघं एका ताटाला बसून जेवत होतो, एकमेकांना भाकरी वाढत होतो, आणि ह्या विषयावर अवाक्षर काढत नव्हतो. ते मला विचारायचे, "सामू काय म्हणतो?" मी म्हणायचे, "मजेत आहे."

मग बाजाराच्या दिवशी ह्यांनी बदकांची जोडी आणली.

"हे काय?"

"बदकाचं अंडं डोळ्यांना फार चांगलं असतं म्हणे," हे म्हणाले. चेहरा इतका निष्पाप की गाभाऱ्यात नेऊन ठेवावा. "तूच म्हणतेस ना डोळ्यांची काळजी घ्या."

बदकांचं काम काय असतं ते मी सांगायला नको. चोच तळाला, शेपूट वर, आणि दिवसभर गाळात खणती. ह्यांना हात ओला करायचीही गरज उरली नाही. आठवडाभर मी ते सहन केलं. अंडं एकही मिळालं नाही, कारण जोडी म्हणून आणलेली दोन्ही बदकं नर निघाली. "डोळ्यांनी बघून आणलीत ना ही?" असं मी म्हटलं. तेवढा वार मी सोडला नाही. बदकं वहिनींच्या आवारात गेली.

इतकं सगळं होईतो भादवा आला. ठाण्याची गाडी एकदा येऊन गेली होती, दुसऱ्यांदा यायची होती. आणि मधल्या काळात ह्यांच्या हातून दुधाचं पातेलं ओट्याऐवजी हवेत ठेवलं गेलं. दूध सांडलं ह्याचं काही नाही. पण हे खाली बसले आणि हाताने चाचपून झाकण शोधायला लागले, आणि झाकण त्यांच्या समोर होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला त्या दिवशी हसू आलं नाही. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी रागावते, म्हणून फार रागावले. म्हटलं, आता पुरे झाला हा पोरखेळ, नाव देऊन येते. हे शांतपणे म्हणाले, "पैज म्हणजे पैज. तळ दिसू दे."

गणपतीत ह्यांनी शेवटचा डाव टाकला. मी त्या वर्षी शाळेत मुलांकडून शाडूच्या मूर्ती करून घेतल्या होत्या. रंग नाही, नुसती माती. आमच्या आळीतल्या बहुतेक घरांत त्याच मूर्ती बसल्या होत्या. मुलांना मी घसा कोरडा करून सांगितलं होतं की विसर्जन घरच्या घरी करायचं. हे चतुर्थीच्या संध्याकाळी घरोघर फिरले. ह्यांचा आवाज अजून डेपोतला. "दीड दिवसाच्या सगळ्या गणपतींचं विसर्जन आमच्या परसातल्या तळ्यात! बाईंनी बोलावलंय!"

मला दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत कळलं.

"अहो, वीस घरांची माती तळ्यात?"

"तूच शिकवतेस ना मुलांना?" हे म्हणाले. "मग बाईंच्या घरचं तळं नको, असं सांगू का त्यांना?"

खिंडीत गाठणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. नाही म्हणता येईना. मी फक्त हार-फुलं काठावरच्या टोपलीत ठेवायची अट घातली. तुरटी सकाळीच घातली होती, ती काही परत काढता येत नव्हती. दुपारी वहिनींच्या मदतीने एकेक मासा धरून पावसाच्या पाण्याने भरलेल्या पिंपात सोडला. जलद हातातून दोनदा सुटला, नावाला जागला. ह्यांना सांगून ठेवलं, "पाणी निवळल्यावरच परत सोडीन."

"सोड की," हे म्हणाले. "घाई काय आहे?"

संध्याकाळी सगळी आळी आमच्या परसात. झांजा, आरत्या, खोबऱ्याची खिरापत, चिखल. एकेक मूर्ती पाण्यात उतरत होती. मुलं माझ्याकडे बघून हसत होती, आपल्या बाई किती चांगल्या म्हणून. हे मधोमध उभे राहून कोणाचा नंबर कधी ते सांगत होते. शेवटी तळं ताकासारखं पांढरं झालं. ह्यांनी त्या रात्री दोन मोदक जास्त खाल्ले.

मी पुढचे दोन-तीन दिवस परसाकडे फिरकले नाही. हरलेल्या माणसाने मैदानात जायचं कशाला?

मग एका सकाळी कपडे वाळत घालायला मागे गेले आणि ओला टॉवेल हातात तसाच राहिला. तळ्याचा तळ दिसत होता. तळाशी माती सपाट बसली होती, तिच्यावर एक जास्वंदीचं फूल, कुणाच्या तरी हारातून निसटलेलं, आणि त्याचे परागसुद्धा मोजता आले असते. मला आधी कळेचना. मग कळलं. नुसत्या तुरटीला ते बारीक शेवाळ धरून खाली नेता येत नव्हतं. तिला जड काहीतरी हवं होतं. शाडूची माती तिला मिळाली, माती शेवाळाला चिकटली आणि सगळं ओझं घेऊन तळाला गेली. जे मला इतके आठवडे जमलं नाही ते ह्यांच्या खोडीने झालं होतं. मी तिथे एकटीच उभी राहून मोठ्याने हसले.

पट्टी बुडवली. पाणी अजून आंबट होतं, मासे सोडण्याजोगं नव्हतं. चुन्याचं पाणी केलं, थोडं सोडलं, उद्या बघू म्हटलं. ह्यांना काही बोलले नाही. त्यांनी स्वतः बघावं आणि तोंडचं पाणी पळावं, एवढी मजा मला हवी होती.

हे चहाचा कप घेऊन आले. काठावर बसले. तळ्यात बघितलं. समाधानाने मान हलवली.

"काय म्हणतंय तळं?" मी विचारलं.

"गढूळ," हे म्हणाले. "पिठल्यासारखं."

मला वाटलं सोंग आहे. ह्यांना सोंगं येतात. दुसऱ्या दिवशीही तेच. बांबू वहिनींनी परत आणून भिंतीला टेकवला होता, अगदी ह्यांच्या हाताशी. त्याला ह्यांनी हात लावला नव्हता. बांबूचं टोक कोरडं होतं. पाणी निवळलं की हे ढवळतात, रोज ढवळत आले होते. दोन दिवस पाणी आरशासारखं होतं आणि हे ढवळत नव्हते. म्हणजे ह्यांना ते दिसतच नव्हतं. उजवा डोळाही गेला होता तिथवर, आणि मी खोड्या मोजत बसले होते.

मी काही बोलायच्या आत वहिनी कुंपणापाशी आल्या. "अगं बाय!" त्या ओरडल्या. "काय पानी निवाळलंय बाई! तळ दिसतंय की सगळा!"

ह्यांचा कप ओठापाशी थांबला.

तेवढ्यात ह्यांनी हिशेब केला असणार. पाणी निवळलं, म्हणजे मी मासे सोडले. आणि मासे दिसले नाहीत, तर ठाण्याची गाडी. कप खाली ठेवला आणि पुढे वाकून बोट दाखवलं.

"मग दिसणारच," हे म्हणाले. "ती बघा लालपरी. त्या कोपऱ्यात. आणि जलद बसलाय इथे जवळच. कशाला पाहिजे ऑपरेशन?"

तळ्यात काहीच नव्हतं. माती होती आणि ते फूल होतं. वहिनींनी तोंड उघडलं, मी हाताने त्यांना गप्प केलं. त्या पदर सावरत आत गेल्या. ह्यांचं बोट त्या रिकाम्या कोपऱ्याकडे तसंच रोखलेलं होतं. ह्या क्षणासाठी मी कितीतरी टोमणे घोटून ठेवले होते. त्यातला एकही मला आठवेना. रडू येत होतं.

मागे पिंपात जलदने उडी मारली. पाणी उडाल्याचा आवाज झाला.

हे हळूच मागे वळले. आवाज कुठून आला ते त्यांना कळलं होतं. बोट खाली आलं.

"सोडले नाहीस?" हे म्हणाले.

"पाणी आंबट होतं अजून."

"हं." मग घरच्या भाषेत, आईशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "भ्या वाटतं गं मला."

मी त्यांच्याशेजारी ओल्या काठावर बसले, साडीचा विचार न करता. "मलापण वाटतं," मी म्हटलं. "मी येते बरोबर. पट्टीला कुणाला हात लावू देणार नाही. तुम्हालासुद्धा नाही."

ते उठले आणि चाचपत पिंपापाशी गेले. मी पट्टी बुडवून पाहिली. पाणी माशांना चालेल असं झालं होतं. मी मासे काढत गेले आणि सोडत गेले, आणि कोण कुठे चाललंय ते सांगत गेले. लालपरी कडेकडेने, दगडाच्या सावलीला. दोन रोहू एकामागे एक. जलद मधोमध थांबलाय, हलत नाही. हे काठावर गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. मध्येच विचारत होते, आता कुठे, आणि आता? पाणी गढूळ आहे असं मात्र एकदाही म्हणाले नाहीत.